खाणीत ज्याचे वावर जात नाही, त्याचे काय?

कोळसा खाण येणार म्हटली की आपल्या भागात पहिला प्रश्न निघतो, "एकरी किती?" आणि दुसरा, "नोकरी लागते का?" यात गैर काही नाही. वणी, राजुरा, भद्रावती, वरोरा, उमरेड या तालुक्यांतील कितीतरी घरांनी या दोन प्रश्नांपायी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत. २०१२ साली वेकोलिच्या खाणींसाठी पडीक जमिनीला एकरी सहा लाख, कोरडवाहूला आठ आणि ओलिताला दहा लाख असे दर ठरले. त्याच वर्षीच्या कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरामागे एका नोकरीचे सूत्र होते. तेव्हापासून तर गावाच्या पारावर खाण म्हणजे भूसंपादन आणि भूसंपादन म्हणजे खाण असेच समीकरण बसले.

परंतु खाणीची हद्द कुठेतरी एका धुऱ्यावर येऊन थांबते. धुऱ्याच्या अलीकडचा शेतकरी प्रकल्पग्रस्त म्हणून नोंदला जातो, त्याला मोबदला मिळतो, त्याचा पोरगा नोकरीच्या यादीत बसतो. पलीकडचा शेतकरी कोणीच होत नाही. त्याचा सात-बारा तसाच त्याच्या नावावर राहतो. फक्त विहिरीचे पाणी पूर्वी बारमाही असे ते फेब्रुवारीतच तळाला जाते, पऱ्हाटीच्या बोंडावर काळी भुकटी बसते, व्यापारी कापूस हातात चोळून भाव पाडतो, आणि सुरुंगाच्या वेळी घराच्या भिंतीला भेग जाते. हा माणूस तक्रार घेऊन गेला की त्याला विचारतात, "तुमची जमीन गेली काय?" नाही गेली, म्हटले की विषय संपला.

आजचा लेख या दुसऱ्या शेतकऱ्यासाठी आहे. खुल्या कोळसा खाणीला ज्या परवानग्या लागतात त्यात याला बोलण्याची जागा आहे. मात्र ती एकाच ठिकाणी आहे, तिला मुदत आहे, आणि बहुतेक गावे ती मुदत एकरी दराच्या भांडणात घालवून बसतात.

तीन कागद, तीन दारे

खाणीला एकच परवानगी लागते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात वाटा तीन आहेत आणि त्या एकमेकींना फारशा भेटत नाहीत.

पहिली वाट जमिनीची. वेकोलिसारख्या सरकारी कंपनीसाठी जमीन घेतली जाते ती बहुतांशी १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने. त्यातील कलम ४ ची अधिसूचना म्हणजे कोळसा शोधणार, कलम ७ ची म्हणजे जमीन घेण्याचा विचार आहे, आणि कलम ९ ची म्हणजे घेतली. हरकत घ्यायची ती कलम ७ नंतर ३० दिवसांत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून या संपादनालाही लागू झाल्या. पण त्या कायद्यातील सामाजिक परिणामांची पाहणी आणि जमीनधारकांची संमती या दोन गोष्टी इकडे आल्या नाहीत. म्हणजे दाम नव्या कायद्याचा आणि दंडुका जुन्या कायद्याचा. शिवाय ही हरकत हितसंबंध असलेल्याची, म्हणजे ज्याची जमीन जाते त्याची. शेजाऱ्याचा येथे संबंध येत नाही.

दुसरी वाट पर्यावरणाची. १९९४ च्या जानेवारीत केंद्राने पहिली अधिसूचना काढली आणि मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. १९९७ मध्ये तिच्यात जनसुनावणी आली. आज चालते ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, अर्थात मध्यंतरीच्या अनेक दुरुस्त्यांसह. तिसरी वाट वनजमिनीची, १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची. त्या कायद्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, ठिगळेही लागली. तिच्याकडे पुढे येऊ.

शेजारच्या शेतकऱ्याला आत शिरता येते ते मधल्या दाराने.

जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे

पर्यावरण मंजुरीचा क्रम असा. कंपनी अर्ज करते. तज्ज्ञांची समिती कशाकशाचा अभ्यास करायचा ते ठरवून देते. कंपनी सल्लागाराकरवी अहवालाचा मसुदा करते. मग जनसुनावणी होते. तिच्यातील मुद्दे घालून अंतिम अहवाल होतो, समिती तो तपासते, आणि मंत्रालय अटी घालून मंजुरी देते किंवा नाकारते. नाकारल्याची उदाहरणे थोडीच आहेत. म्हणून खरी झुंज अटींची असते, हे आधीच समजून घेतलेले बरे.

या अहवालात खाणीची हद्द हा गाभा आणि तिच्याभोवतीचा १० किलोमीटरचा पट्टा हा अभ्यासाचा भाग धरतात. म्हणजे धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्याचे गाव त्या अहवालात असते, त्याच्या विहिरीचे पाणीही कुठल्यातरी तक्त्यात असते. मात्र हे मोजमाप साधारणपणे एकाच हंगामाचे, पावसाळा सोडून. आपल्याकडची विहीर दसऱ्याला वेगळी आणि अक्षय तृतीयेला वेगळी असते हे शेतकऱ्याला सांगायला नको. डिसेंबरात मोजलेल्या पाण्यावरून मे महिन्याचा निष्कर्ष निघाला तर तो कागदावरच खरा.

सुनावणी घेते प्रदूषण नियंत्रण मंडळ. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी असतो. निदान ३० दिवस आधी एका मोठ्या राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेच्या दैनिकात सूचना छापावी लागते. अहवालाचा मसुदा आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित पंचायतीत लोकांना पाहायला ठेवावा लागतो. लेखी हरकत देता येते, आणि सुनावणीच्या दिवशीच दिली पाहिजे असे नाही. सूचना निघाल्यापासून पाठवता येते. सुनावणीचे चित्रीकरण होते. शेवटी झालेल्या बोलण्याचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. इतिवृत्त नंतर पंचायतीत लावायचे असते.

आता यातील दोन गोष्टी गावकऱ्यांनी आणि गावच्या अधिकाऱ्यांनी नीट ध्यानात ठेवाव्यात. एक, या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. मंडपात दहा माणसे असली तरी सुनावणी झालीच. "आम्ही बहिष्कार टाकला" असे अनेक गावे अभिमानाने सांगतात. बहिष्काराची बातमी पेपरात येते आणि दिल्लीला जाणाऱ्या इतिवृत्तात गावाच्या नावापुढे काहीच येत नाही. दुसरी गोष्ट, ही सुनावणी म्हणजे हात वर करून घ्यायचे मतदान नव्हे. शंभर जणांनी नको म्हटले आणि दहांनी हो म्हटले तर खाण रद्द, असा नियम कुठेही नाही. नियम एवढाच की जो मुद्दा निघाला तो लिहिला पाहिजे, कंपनीने त्याला उत्तर दिले पाहिजे आणि समितीने दोन्ही पाहिले पाहिजे.

म्हणून तेथे भाषणापेक्षा प्रश्न अधिक कामाचा. आजवर सुनावण्यांची जी इतिवृत्ते वाचनात आली त्यांत वीसपैकी पंधरा वक्ते नोकरी आणि दर यांवरच बोललेले दिसतात. त्या सगळ्याला कंपनीचे उत्तर एका ओळीचे, "कंपनीच्या धोरणानुसार देण्यात येईल." समितीला तेवढे पुरते. विहिरीवर कोणी बोलले नाही, म्हणजे विहिरीची अडचण नाही असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढाऱ्यांनाही दर आणि नोकरी हेच विषय सोयीचे, टाळ्या मिळतात. विहिरीवर कोण टाळ्या वाजवणार?

पाणी जाते कसे

वर्धा खोऱ्यातील कोळशाचे थर बराकार नावाच्या खडकात आहेत. त्याच्यावर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे. हा खडक पाणी धरून ठेवतो आणि सहज देतोही. चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कितीतरी विहिरी आणि बोअर यावरच चालतात. खुली खाण म्हणजे वरची काळी माती, मुरूम आणि हा वालुकाश्म सगळे उपसून कोळशापर्यंत जाणे. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की भोवतालचे पाणी खड्ड्याकडे धावते. कोळसा काढायचा तर ते रात्रंदिवस पंपाने उपसावेच लागते. त्यात कोणाचा दुष्टपणा नाही, उतारच तसा आहे.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावातली प्रत्येक आटलेली विहीर खाणीनेच आटवली असे नाही. बोअर वाढले, पाऊस लहरी झाला, संत्रा-ऊस करणाऱ्यांनी उपसा वाढवला. आणि खाणीतून उपसलेले पाणी नाल्याला सोडल्यामुळे काही शेतकऱ्यांचे उन्हाळी ओलित होते, हेही आपण पाहतो. (पंप बंद झाले की तो नालाही बंद, ही गोष्ट वेगळी.) पण खाण येण्यापूर्वी विहिरीला किती पाणी होते याची नोंदच नसली तर पाऊस किती दोषी आणि खाण किती, हे ठरवायचे कशावरून? अशा वेळी शंकेचा फायदा शेतकऱ्याला मिळत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीपत्रांत एक अट वर्षानुवर्षे येत आली आहे. खाणीच्या उपशामुळे जवळच्या गावांच्या विहिरी कोरड्या पडल्यास त्या गावांची पाण्याची गरज कंपनीने भागवावी, अशा आशयाची. त्याच्याच मागेपुढे दुसरी अट असते: भूजलाची पातळी वर्षातून चार वेळा, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत, मोजावी आणि आकडे मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला व केंद्रीय भूजल विभागाला द्यावेत. म्हणजे ज्या शेतकऱ्याला सगळे "तुमची जमीन गेली काय" असे विचारतात त्याच्या बाजूने सरकारचा लेखी शब्द आहे. किती ग्रामपंचायतींनी आपल्या शेजारच्या खाणीचे मंजुरीपत्र वाचले आहे? मंजुरी मिळाल्यावर कंपनीने सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते, प्रत पंचायतीला द्यायची असते, आणि पंचायतीने ती आल्यापासून ३० दिवस फलकावर लावायची असते. ती प्रत सरपंचाच्या कपाटात पडून राहिली तर त्याला दिल्ली काय करणार?

अट मात्र ढोबळ आहे. "जवळचे गाव" म्हणजे किती किलोमीटर, पाण्याची गरज म्हणजे पिण्याची की ओलिताचीही, कोरडी म्हणजे किती फूट, हे तीत नाही. ते घालून घ्यायची जागा म्हणजे जनसुनावणी. "पाण्याचे काय?" असे विचारले तर उत्तर येईल की अटींचे पालन होईल. पण "आमच्या गावशिवारात ओलिताच्या इतक्या विहिरी आहेत, मे महिन्यातील त्यांची पातळी ही अशी आहे, यादी सोबत जोडली आहे, यातली विहीर खाली गेली तर पिकाची भरपाई कोण, कशी आणि किती दिवसांत देणार?" असे लेखी दिले तर त्याला त्याच मापाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर अहवालाचा भाग होते. ही यादी करायला तज्ज्ञ लागत नाही. दोर, दगड, फूटपट्टी आणि वही. तलाठी (सरकारने नाव ग्राम महसूल अधिकारी केले असले तरी गावात तलाठीच), ग्रामसेवक आणि गावची दोन शिकलेली पोरे यांनी एका उन्हाळ्यात हे काम होते. पंचनामा म्हणून सह्या घेतल्या तर आणखी चांगले.

धूळ, सुरुंग आणि मातीचे ढिगारे यांचेही असेच. एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर माती-दगड उपसून टाकावे लागतात. त्याचे डोंगर कोठे टाकणार हे नकाशात दाखवलेले असते. नदी-नाल्याच्या काठाला ढीग आला की पुराचे पाणी वाट बदलते आणि पलीकडच्या काठाच्या वावरात शिरते. जुलै २०२२ च्या पुरात वर्धा, इरई आणि पैनगंगेच्या काठच्या गावांनी काय भोगले ते ताजेच आहे, आणि त्या वेळी खाणींच्या ढिगाऱ्यांकडे अनेकांनी बोट दाखवले. नकाशा आधी पाहिला असता तर बोट आधी दाखवता आले असते.

खाण वाढते, सुनावणी नाही

समजा गावाने पहिल्या सुनावणीत सगळे नीट केले. पुढे काय होते? खाण वर्षाला दहा लाख टनांची मंजूर झालेली असते, ती पुढे वाढते. उत्पादन वाढले की सुरुंग वाढतात, डंपर वाढतात, खड्डा लवकर खोल जातो. नियमाने विस्तारालाही मंजुरी लागतेच. मात्र सुनावणीतून सूट मिळत आली आहे. सप्टेंबर २०१७ च्या आदेशाने कोळसा खाणींना ४० टक्क्यांपर्यंतच्या विस्तारासाठी, काही अटींवर, नव्या सुनावणीशिवाय मंजुरी मिळण्याची वाट झाली. मे २०२२ मध्ये विजेसाठी कोळसा कमी पडू लागला तेव्हा ४० टक्क्यांपर्यंत वाढलेल्या खाणींना ५० टक्क्यांपर्यंत जाण्याची खास मुभा सहा महिन्यांसाठी देण्यात आली, तीही सुधारित अहवाल आणि सुनावणी यांच्याशिवाय. वीज सगळ्यांनाच हवी, कृषीपंपालाही हवी. तरीपण मुंबई-पुण्याच्या दिव्यासाठी जी घाई होते तिचा हिशेब चुकता होतो तो आपल्या शिवारात, एवढे म्हणायला हरकत नाही.

या सुटीतही गावासाठी एक फट आहे. विस्तार मागताना जुन्या मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही याचा दाखला लागतो, आणि तो देते केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय. आपल्यासाठी ते नागपुरात आहे, दिल्लीला जावे लागत नाही. विहिरीच्या अटीचा भंग झाल्याची तक्रार, मोजमापासह, त्या कार्यालयाच्या फाईलमध्ये आधीपासून असेल तर दाखला लिहिणाऱ्याला ती ओलांडून जाणे अवघड होते. तक्रार तहसीलदाराकडे दिली आणि तेथेच राहिली तर नागपूरला काहीच कळत नाही.

कोळसा आपला, सुनावणी त्यांची

सुनावणीने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी एक प्रकरण पाहावे. गाव आपले नाही, पण कोळसा आपल्या नावाचा आहे. छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात तमनार तालुक्यात गारे पेलमा सेक्टर दोन ही खाण महानिर्मितीला मिळालेली आहे. महाराष्ट्राच्या औष्णिक वीज केंद्रांसाठी तेथून कोळसा आणायचा आहे. वर्षाला सुमारे २३६ लाख टनांचा हा प्रकल्प, परिसरातील १४ गावांशी संबंधित. २०१९ मध्ये त्याची जनसुनावणी झाली, २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. गावकरी हरित न्यायाधिकरणात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. सुनावणी नीट झाली नाही, आरोग्य आणि पाण्याच्या प्रश्नांचा पुरेसा विचार झाला नाही, हे मुद्दे त्यात होते.

येथे गोष्ट संपली असती तर लिहायला बरे वाटले असते. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रालयाने मंजुरी पुन्हा दिली आणि जून २०२५ मध्ये पोलीस बंदोबस्तात तेथे झाडे तोडली गेली. म्हणजे सुनावणीतील चूक दाखवून मंजुरी पाडता येते, पण पाडलेली मंजुरी पुन्हा उभीही राहते. आपल्या घरातील दिव्याच्या बिलात त्या गावांचा हिस्सा आहे, हे वेकोलिच्या खाणींशेजारी राहणाऱ्या माणसाने तरी विसरू नये. त्यांच्या जागी उद्या आपण, आणि आपल्या जागी ते, एवढाच फरक.

अपिलाची मुदत मात्र तेथून शिकावी. मंजुरी कळल्यापासून ३० दिवसांत न्यायाधिकरणात जावे लागते. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. त्यापुढे एक दिवसही नाही. आपल्या भागासाठी पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. पंचायतीच्या फलकावर प्रत कोणत्या तारखेला लागली, हा म्हणूनच क्षुल्लक प्रश्न नाही.

जंगल येथे गेले, कुरण तेथे गेले

आता तिसरी वाट. खाणीत वनजमीन येत असेल तर वनखात्याचा प्रस्ताव उपवनसंरक्षकांपासून सुरू होऊन राज्य शासन आणि मग केंद्राकडे जातो. आधी तत्त्वतः मान्यता, मग अटी पूर्ण झाल्यावर अंतिम. कंपनीने जंगलाची किंमत भरायची (२०२२ पासून हेक्टरी साधारण साडेनऊ ते सोळा लाख रुपये, जंगलाच्या प्रतीप्रमाणे) आणि दुसरीकडे झाडे लावायची. केंद्र सरकारच्या कंपनीला वनेतर जमिनीऐवजी दुप्पट उजाड वनजमिनीवर झाडे लावण्याची सवलत आहे.

ही दुप्पट उजाड जमीन असते कोठे? ती असते दुसऱ्याच एखाद्या गावाच्या शिवेला, जेथे त्या गावची ढोरे चरतात. रोपवन झाले की तार येते, चराई बंद होते. खाणीपासून तीस-चाळीस किलोमीटरवरच्या गुराख्याला आपले कुरण कोणत्या खाणीपायी गेले हेही ठाऊक नसते. धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्यासारखाच तोही कोणत्याच यादीत नाही.

आपल्याकडे यात झुडपी जंगलाची भर आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीतील ही जमीन कधी गुरचरण, कधी स्मशान, कधी शाळेचे पटांगण म्हणून वापरात आली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निकाल दिला आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट ठेवली. त्याच निकालात एक गोष्ट अशी आहे की वनेतर जमीन खरोखरच उपलब्ध नाही असा मुख्य सचिवांचा दाखला असल्याशिवाय झुडपी जमीन पर्यायी वनीकरणासाठी वापरता येणार नाही, आणि वापरली तर दुप्पट वापरावी लागेल. तेव्हा आपल्या गावची झुडपी कोणत्या प्रकल्पाच्या वनीकरणाला दाखवली आहे काय, हे तलाठ्याने आणि वनपालाने ग्रामसभेला सांगितले पाहिजे. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, हा अनुभव.

वनहक्क कायद्याचा मुद्दा याहून मोठा. ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या पत्राने वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभांचे ठराव जोडणे आवश्यक केले. ओडिशातील नियमगिरीत, बॉक्साइटच्या खाणीबाबत, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. नंतर २०२२ च्या नियमांनी क्रमच बदलला. केंद्राने आधी मान्यता द्यायची आणि वनहक्कांची पूर्तता झाली की नाही ते राज्याने आपला आदेश काढण्यापूर्वी बघायचे. दिल्लीची मोहोर उमटल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी कोणता अधिकारी ठरावासाठी फाईल अडवून धरेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

तरीही ठराव लागतोच, आणि म्हणून ठरावाची वही जपली पाहिजे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी महिला हव्यात. छत्तीसगडच्या हसदेव जंगलात परसा खाणीसाठी जोडलेले ग्रामसभांचे ठराव बनावट असल्याची तक्रार गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे केली. कोऱ्या पानावर घेतलेल्या सह्या, मागाहून घातलेला विषय, हे प्रकार आपल्याकडे होत नाहीत असे छातीवर हात ठेवून कोणी सांगावे. ग्रामसेवकाने सभा संपताच इतिवृत्ताखाली रेघ मारून सह्या घेतल्या आणि पानाचा फोटो चार जणांच्या मोबाईलवर गेला, तर पुढचा बराच घोळ टळतो.

वाघ आणि विहीर

परवानगी थांबूच शकत नाही असेही नाही. ताडोबाच्या दक्षिणेला लोहाऱ्याला खाण येणार होती. चंद्रपुरात लोक उपोषणाला बसले, आंदोलन झाले, आणि २००९ मध्ये केंद्राने तो प्रस्ताव मागे ठेवला. २०२० मध्ये ताडोबाच्या जवळचा बंदर कोळसा पट्टा लिलावाच्या यादीत आला, राज्याने हरकत घेतली आणि तो वगळला गेला. त्याआधी २००९ च्या मोजणीत देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे आले आणि जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांची मंजुरी केंद्राने काही काळ थांबवून धरली. म्हणजे थांबवायचे ठरले तर थांबते.

फरक एवढाच की वाघाच्या बाजूने नोंद होती. किती वाघ, कोणता भ्रमणमार्ग, कोणत्या वर्षीचे छायाचित्र, सगळे कागदावर होते. वाघ वाचला याचा आनंदच आहे. पण मुंगोली, निलजई, सास्ती, माजरी, पद्मापूर या खाणींच्या शेजारच्या गावांत ओलिताच्या किती विहिरींची पातळी मे महिन्यात लिहून ठेवलेली आहे, हे त्या त्या ग्रामपंचायतीने एकदा तपासून पाहावे.

मंजुरी मिळालेल्या प्रत्येक खाणीने अटींच्या पालनाचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. विहिरी मे महिन्यात मोजल्या आणि ग्रामसभेच्या ठरावासह ती यादी महिनाअखेरपर्यंत रजिस्टर डाकेने नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयात पोहोचली, तर ती कंपनीच्या जूनच्या अहवालाशेजारी लागते. एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला द्यावी आणि पोचपावती पंचायतीच्या दप्तरात ठेवावी.